दोन इंचाची पट्टी

विद्यापीठाच्या गणित स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा बाबा दुकानात काच कापत होते. हातातली रेघ त्यांनी पूर्ण केली, काच टेबलाच्या कडेला टेकवली, कट्ट करून तोडली आणि मगच मान वर केली.

"कितवी?"

"मी तिसरी," ताई म्हणाली. "बारक्या पाचवा."

"पहिल्या पाचांत दोघं?"

"दोघं."

बाबांनी हातमोजा काढला आणि बारक्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. तिसरी आली ती, थाप पडली त्याच्या पाठीवर. बारक्याने ओशाळून ताईकडे पाहिलं. ताईने खांदे उडवले. बावीस वर्षं त्या घरात काढल्यावर माणूस खांदे उडवायला शिकतो.

तीनशे बारा मुलं बसली होती. त्यातल्या पहिल्या पाचांना संशोधन संस्थेत दोन वर्षांची जागा मिळायची: राहणं-जेवण संस्थेचं, फी माफ, आणि दिवसभर गणिताशिवाय दुसरं काही करायचं नाही. ताईचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला बसता येणार नव्हतं. बारक्याला अजून दोनदा बसता आलं असतं. हे साधं गणित आहे आणि ते नीट लक्षात ठेवायचं, कारण पुढे त्या घरात ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

दोघं शिकले ते दुकानातल्या त्या टेबलावरच. गिऱ्हाईक नसलं की काचेचा चुरा झाडायचा, मध्ये एकच वही ठेवायची, एका बाजूने ताई, दुसऱ्या बाजूने बारक्या. शिकवणीला जायची ऐपत नव्हती आणि शिकवणीवाल्यांची तोंडं बघायची इच्छाही नव्हती. लायब्ररीतून जुने प्रश्न उतरवून आणायचे आणि भांडत सोडवायचे. पुस्तकात 'मोठा भाग, छोटा भाग' असं असेल तिथे ह्या दोघांच्या वहीत असायचं 'थोरला' आणि 'धाकटा'. ते बाबांचे शब्द. काच कापताना बाबांचा नियम होता: आधी थोरला तुकडा मोजायचा, मग धाकटा. थोरला बिघडला तर त्यातून धाकटा काढता येतो. धाकट्यातून थोरला काढता येत नाही. सहा वर्षं हा नियम ऐकून ऐकून दोघांच्या डोक्यात इतका बसला होता की कुठलीही वस्तू तुटून तिचे दोन तुकडे झाले की त्यांना त्यात थोरला आणि धाकटाच दिसायचा.

निकालानंतर आठव्या दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं. एकच पत्र, दोघांच्या नावाने. ताईने मोठ्याने वाचलं. तिसऱ्या प्रश्नाच्या तुमच्या दोन उत्तरांत शब्द एकच आहेत आणि चूकही एकच आहे, जिचे दोन-दोन गुण कापले आहेत. तुम्ही शेजारशेजारच्या बाकांवर बसला होतात. मंगळवारी समितीपुढे यावं. एकाने कॉपीची लेखी कबुली दिल्यास दुसऱ्याचा क्रमांक कायम राहील.

"शेजारी कुणी बसवलं?" बारक्या म्हणाला. "त्यांनीच ना, आडनावावरून?"

"चूक कसली म्हणतायत?" ताईने पत्र उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

रात्रीचं जेवण उरकत आलं. मग आईने भांडी गोळा करता करता, जणू मीठ संपलंय एवढ्याच आवाजात सांगितलं, "तू कबूल कर."

ताईला आधी वाटलं आई बारक्याला सांगतेय.

"मी?"

"एक तर जागा राहील घरात."

"राहू दे की माझी. मी तिसरी आहे. ह्याला पुढच्या वर्षी परत बसता येईल. मला येणार नाही."

"त्याच्या नावावर कॉपीचा डाग लागला तर कोण बसू देईल त्याला?"

"आणि माझ्या नावावर लागला तर?"

"तुझं नाव काय गं, लग्नानंतर बदलायचंच आहे."

आई हे दुष्टपणाने बोलली नाही, हेच वाईट होतं. तिने हिशोब केला होता आणि तो तिला बरोबर वाटत होता. बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि उगाचच दोनदा प्यायले. "तू थोरली आहेस," ते म्हणाले. "थोरल्याने सांभाळून घ्यायचं असतं."

"बाबा, आम्ही कॉपी केलेली नाही. दोघांनीही."

"ते मला माहीत आहे गं. त्यांना कोण सांगणार?"

ताईने बारक्याकडे पाहिलं. तो बोटाने ताटातली शितं गोळा करत होता. एक शब्द बोलला असता तर बास झालं असतं. 'नाही, ताईने का?' एवढंच. तो बोलला नाही. वीस वर्षांचा घोडा, समीकरणापुढे वाघ आणि आईपुढे शेळी.

त्या दिवसापासून ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं. वही टेबलावर तशीच पडून राहिली.

शनिवारी सकाळी दुकानात एक बाई आली. आरशाची एक पट्टी घेऊन आली होती, तिचे दोन तुकडे हवे होते.

"किती-कितीचे?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही सारखे. जुळ्या मुली आहेत माझ्या. एकीला कणभर मोठा गेला तर घर डोक्यावर घेतील."

"सारखं असं नसतं हो बाई," बाबा कुरकुरले. "रेघ कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जातेच." तरी त्यांनी मोजलं, रेघ मारली, तोडलं. बाईने दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून बघितले. जुळले. ती खूश होऊन गेली.

ताई झाडू हातात धरून तिथेच उभी राहिली.

तिसरा प्रश्न एका खेळाचा होता. पूर्ण इंचांत मोजलेली एक पट्टी. पहिल्याने ती एका ठिकाणी तोडायची, म्हणजे दोन तुकडे. दुसऱ्याने त्यातला एक निवडायचा, उरलेला फेकून द्यायचा, आणि निवडलेला आपण तोडून पहिल्यापुढे ठेवायचा. असं आळीपाळीने. एक इंचाचा तुकडा तोडता येत नाही. तो ज्याच्या वाट्याला आला तो हरला. कुठल्या लांबीला पहिला जिंकतो? उत्तर होतं, सम लांबीला. ताईने लिहिलं होतं: धाकटा एक इंचाचा तोडावा, थोरला आपोआप विषम राहतो, आणि विषम तुकड्यावर कुणीही आला तरी हरतोच. बरोबर. सगळं बरोबर. फक्त पट्टीच दोन इंचाची असेल तर?

मग एक इंच आणि एक इंच. थोरला कुठला आणि धाकटा कुठला?

तिने वही उघडली. सहा वर्षांची पानं. जिथे जिथे काही तुटलं होतं तिथे तिथे थोरला-धाकटा, थोरला-धाकटा. दोन्ही सारखे असू शकतात हे एकदाही लिहिलेलं नव्हतं. ना तिच्या अक्षरात, ना त्याच्या. कुणी कुणाचं उतरवलं नव्हतं. दोघांनी एकाच घरात जन्म घेतला होता, बस.

बारक्या दाराशी बसून चपलेचा अंगठा ओवत होता. तिने त्याला सांगायला हवं होतं. 'अरे इकडे ये, गाढवा, आपण काय केलंय बघ,' एवढं म्हणायचं होतं. तिच्या ओठावर आलंही. मग तिला ताटातली शितं गोळा करणारं ते बोट आठवलं आणि तिने वही मिटली. शोधू दे त्याचं त्याला.

मंगळवारी समिती दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसली होती. मध्ये अध्यक्ष, जाड, मनगटावर दोन घड्याळं घातल्यासारखा सारखा वेळ बघणारा. एका बाजूला तो प्रश्न तपासणारा तरुण प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला एक बाई, सगळं लिहून घेत होत्या.

"कबुली कोण देतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"कुणीच नाही," ताई म्हणाली.

बारक्याने मान हलवली. तेवढी तरी हलवली.

"तीनशे बारा उत्तरपत्रिका मी तपासल्या," तपासनीस म्हणाला. "थोरला आणि धाकटा हे शब्द दोनच ठिकाणी आहेत. हाच एक प्रकार राहून गेलेलाही दोनच ठिकाणी. योगायोग म्हणू?"

"आम्ही एका वहीत शिकलो."

"सगळे असंच म्हणतात," अध्यक्ष म्हणाले.

"सगळे म्हणजे कोण सर? अजून कुणी थोरला-धाकटा लिहिणारं सापडलं का?"

लिहिणाऱ्या बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. हसल्या की खोकल्या ते कळलं नाही.

मग समितीने ठरवलेलं सांगितलं. दोन वेगळ्या खोल्या, नवा प्रश्न, पाऊण तास. ताईला नकाशांच्या खोलीत बसवलं. प्रश्न वाचला आणि तिच्या लक्षात आलं, हा तरुण माणूस दिसतो तेवढा मठ्ठ नाही. खेळ तोच, पट्टीऐवजी मण्यांची सर. नियम मात्र उलटा: एकच मणी ज्याच्या वाट्याला येईल तो जिंकला. चार मण्यांना कोण जिंकतो आणि का? पाच मण्यांना? चार मण्यांची सर एक आणि तीन अशी तोडली तर समोरचा एक मणी उचलून जिंकतो. पहिल्याला एकच वाट होती. मधोमध. दोन आणि दोन. थोरला-धाकटा करणारा माणूस इथे सरळ तोंडावर पडणार.

पेन हातात घेऊन ती दहा मिनिटं नुसती बसली.

मी बरोबर लिहिलं आणि तो चुकला, तर? दोघांपैकी एकाला येतं, एकाला येत नाही. मग एकाने दुसऱ्याचं उतरवलं असं ते म्हणणारच. आणि मी मुद्दाम चुकले तर? दोन खोल्या, तीच चूक. मग मानावंच लागेल की डोकीच एका साच्यातली आहेत. पण जर त्यालाही शनिवार-रविवारात कळलं असेल तर? तो बरोबर आणि मी चूक.

बोलले असते तर. एवढंच तिच्या मनात येत राहिलं. शनिवारी एक वाक्य बोलले असते तर.

शेवटी तिने बरोबर लिहिलं. थोरपणाने नव्हे. चार मण्यांची सर समोर असताना चुकीचं लिहायला तिचा हातच वळेना. गणितात खोटं बोलायचं असेल तर मग काच कापलेली काय वाईट, असं तिला वाटलं. चार मणी: मधोमध तोडावी, पहिला जिंकतो. पाच मणी: दोन आणि तीन, पहिला जिंकतो. सही केली आणि वीस मिनिटं आधी उठली.

तासाभराने तिला एकटीलाच आत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी ठेवले होते. बारक्याच्या कागदावर लिहिलं होतं: थोरला तीन, धाकटा एक, दुसरी वाट नाही, पहिला हरतो.

"तुझ्या भावाने तीच चूक परत केली," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे ती त्याची स्वतःची चूक आहे. चूक त्याची म्हणजे मूळ उत्तर त्याचं. दोन्ही तुकडे सारखे असण्याचा प्रकार तुला माहीत आहे, तू आज नीट लिहिलास. मग स्पर्धेत का राहिला? कारण तिथे तू त्याचं उतरवलंस, चुकीसकट. तुझं नाव काढतोय. त्याचं राहील."

ताईने ते दोन कागद पाहिले. डोकं गरम झालं की तिला नेहमी सगळं जास्त स्पष्ट दिसायचं.

"सर, मी चुकले असते आणि तो बरोबर असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"हा प्रश्न इथे येत नाही."

"येतो. तुम्ही म्हणाला असता, ज्याला येतं त्याचंच मूळ, जिला येत नाही तिने उतरवलं. कागद कसेही पडले तरी काढायचं माझंच नाव. ह्याला सिद्धता म्हणत नाहीत. माझ्या पेपरात असं असतं तर ह्या सरांनी शून्य दिलं असतं."

तपासनीस खाली बघू लागला.

"मग तुझं म्हणणं काय?" अध्यक्ष पुढे झुकले. "त्याने तुझं उतरवलं? तसं लिहून दे. लगेच विचार करू."

म्हणजे हे होतं तर. जागा हवी असेल तर भावाचं नाव लिही. तिसरा क्रमांक, दोन वर्षं, एक खोली आणि दिवसभर फक्त गणित. एक ओळ लिहायची. ताटातली शितं गोळा करणाऱ्यासाठी आपण काय म्हणून मरायचं?

"त्याने उतरवलं नाही," ती म्हणाली. "मीही नाही. तुम्ही दोनच प्रकार धरलेत, सर. एक अस्सल, एक नक्कल. दोघं सारखे असले तर काय, हा तिसरा प्रकार तुम्ही धरलाच नाही. ह्याच चुकीसाठी तुम्ही आमचे दोन-दोन गुण कापलेत."

बाईंचं पेन थांबलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"बोलता छान येतं तुला," ते म्हणाले. "निर्णय उद्या फलकावर लागेल."

बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून बारक्या उभा होता. ताईने त्याला सगळं सांगितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली ती.

"तू बरोबर लिहिलंस?"

"मग काय करणार होते?"

"ताई, मला माहीत होतं." तो कठड्यावर नख घासत राहिला. "दोन इंचाची पट्टी. रविवारी सापडलं मला. मी मुद्दाम चुकलो. मला वाटलं तुला कळलेलं नाही. म्हटलं, दोघांची चूक परत सारखीच आली तर दोघंही सुटू."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत कुठे होतीस? तुला कधी कळलं?"

"शनिवारी."

"मग तू का नाही सांगितलंस?"

बारक्याने शर्ट खोचला आणि सरळ समितीच्या खोलीत गेला. दार लोटलेलं राहिलं. आधी त्याचा आवाज, अडखळत, मग भराभर. मग अध्यक्षांचं हसणं. दोन मिनिटांत तो बाहेर आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बहिणीसाठी खोटं बोलतोयस. भाऊ असावा तर असा. निकाल तोच."

ताईला हसू आलं. ते हसू चांगलं नव्हतं, पण आलं.

घरी आईने दारातच विचारलं आणि ऐकून देवाचे आभार मानले. "एक तरी राहिला." संस्थेत जायला लागेल म्हणून बाबांनी स्वतःची जुनी बॅग माळ्यावरून काढली आणि ती पुसत बसले. बारक्याने सांगायचा प्रयत्न केला. "बाबा, मी मुद्दाम..." "असू दे रे," बाबा म्हणाले, "आता जुनं उकरू नये." सकाळचं जुनं झालं होतं तोवर.

ताई टेबलाशी गेली, वहीतून एक कोरं पान फाडलं आणि लिहायला बसली.

बुधवारी अकरा वाजता विद्यापीठाच्या फलकावर नवी यादी लागली होती. तिसऱ्या क्रमांकावर दुसरंच नाव, चौथ्यावर बारक्या. ताईने यादीच्या शेजारी आपला कागद टाचण्यांनी लावला. वर ठळक अक्षरांत प्रश्न: दोन उत्तरं सारखी आहेत, तर कुणी कुणाचं उतरवलं? खाली प्रकार पहिला, प्रकार दुसरा, आणि समितीने दोन्हींतून एकच निष्कर्ष कसा काढला ते. मग प्रकार तिसरा: दोघं सारखे. समितीने हा प्रकार सोडला आहे. दोन गुण कापावेत. काल दोन खोल्यांत काय लिहिलं गेलं आणि का, तेही तारीखवार. तळाशी सहीच्या दोन रेघा आखल्या होत्या. एकीवर तिची सही होती.

शिपाईकाका किल्ल्या वाजवत आले. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मुलं गोळा होऊ लागली होती.

"हे काढावं लागेल मला, पोरी."

"काढा."

"फलक मी चार वाजता साफ करतो." त्यांनी चष्मा परत वर ढकलला. "आत्ता अकरा वाजलेत." आणि ते निघून गेले.

बारक्या गर्दीच्या मागे उभा होता. खिशात संस्थेचा प्रवेशाचा अर्ज होता, दुपारपर्यंत भरून द्यायचा. ताईच्या कागदावर सही केली की जागा गेली, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुद्दाम चूक केल्याचं लेखी. पुढची दोन वर्षंही कदाचित गेली. ताईने त्याला हाक मारली नाही. हातही केला नाही. फक्त पेन फलकाच्या कडेवर ठेवलं.

तो पुढे यायला बराच वेळ लागला. आल्यावर त्याने कागद वाचला, एका ठिकाणी थांबला.

"पाच मण्यांचं तू लिहिलंच नाहीस."

"त्यात वाद नाही."

"तरी लिहायला हवं." त्याने पेन उचललं आणि समासात बारीक अक्षरात पाच मण्यांची ओळ लिहिली. मग तळाशी गेला. "माझी खाली करू?"

"रेघा दिसत नाहीत का? बाजूबाजूला आहेत."

त्याने सही केली. शेवटचं अक्षर वाकडं आलं. मागून कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी 'अरे, गेला हा' म्हणालं. बारक्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"घरी तू सांग हं ताई," तो म्हणाला. "बाबांना. माझ्याने नाही व्हायचं."

"दोघांनी सांगायचं," ताई म्हणाली, आणि त्याच्या खिशातला अर्ज बाहेर काढून त्याच्या हातात दिला. "आणि ह्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही."